नागझिरा परिसरातील तलावांच्या पाण्याची निर्मळता

नागझिरा हे पूर्व विदर्भात गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर वसलेले अभयारण्य आहे. १९७० साली घोषित झालेले हे सुमारे १५३ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्याच्या आत आणि त्याच्या भोवतालच्या गावांत लहानमोठे असंख्य तलाव असून गोंदियाला ‘तलावांचा जिल्हा’ हे नाव त्यांच्यामुळेच मिळाले. गावोगावचे बहुतेक तलाव मानवनिर्मित आहेत. त्यांना गाळणयंत्र नाही, पाणी फिरविणारा पंप नाही आणि त्यांत कोणी औषधही टाकीत नाही. तरीही ज्या तलावाची घडी विसकटलेली नाही, त्याचे पावसाळ्यात गढुळलेले पाणी हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत निवळते आणि काठावरून तळाच्या वनस्पती दिसू लागतात. ही निर्मळता कशी टिकते, ती कशामुळे नाहीशी होते आणि गेलेली निर्मळता परत कशी आणता येते, हा या लेखाचा विषय आहे. घरगुती पोहण्याच्या हौदातील पाणी नितळ ठेवण्याची रीत याच्या नेमकी उलट असल्याने तिचाही विचार शेवटी केला आहे.

निवळ पाणी आणि स्वच्छ पाणी

मराठीत ‘निवळ’ व ‘स्वच्छ’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. पाण्याच्या बाबतीत मात्र हा सैलपणा घातक ठरू शकतो. निवळ पाणी म्हणजे ज्यात तरंगणारे कण अत्यल्प आहेत, म्हणून ज्यातून प्रकाश आरपार जातो, असे पाणी. स्वच्छ पाणी म्हणजे ज्यात आरोग्यास अपायकारक जंतू व द्रव्ये नाहीत, असे पाणी. काचेसारख्या नितळ पाण्यातही हगवणीचे किंवा काविळीचे जंतू असू शकतात. उलट, किंचित मातकट दिसणारे पाणी उकळल्यावर पिण्यास निर्धोक होऊ शकते. तलाव कितीही निवळ असला, तरी त्याचे पाणी तसेच पिऊ नये.

तरीही या दोन गुणांचा परस्परसंबंध आहे. गढूळ पाण्यातील कणांना जंतू चिकटून राहतात, सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि क्लोरिनसारखे जंतुनाशक कणांवरच खर्ची पडते. म्हणून पाणी शुद्ध करण्याच्या कोणत्याही पद्धतीत निवळणे ही पहिली पायरी असते.

पाणी निवळण्याचे ज्ञान भारतात फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी पहिले असून कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ आणि वस्त्र यांचाही समावेश आहे. निवळीचा वृक्ष मध्य भारतातील शुष्क पानझडी वनांत आढळतो. त्याचे बी माठाच्या आतील बाजूस घासून वर गढूळ पाणी ओतले असता बियांतील द्रव्यांमुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटीही हेच कार्य करते. निवळीचा सख्खा भाऊबंद असलेल्या कुचल्याचे बी मात्र अतिविषारी असते. त्यामुळे खात्रीची ओळख असल्याखेरीज जंगलातून बिया गोळा करून हा प्रयोग करणे योग्य नाही. माठासाठी सांगितलेला हा उपाय साऱ्या तलावाला अर्थातच पुरत नाही. पण सुश्रुतसंहितेच्या यादीत कमळ व शेवाळ यांना स्थान मिळावे, हे तलावाच्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे.

मामा तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजारीच्या काळात त्यांची मालकी मालगुजारांकडे होती. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. नावावरून कोणा मामाचा संबंध शोधणारे वाचक अधूनमधून भेटतात, पण हे केवळ आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा मानला जातो. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथातही तलाव बांधणारे आणि ऊस पिकविणारे म्हणून या समाजाची नोंद आहे. नवेगावबांध येथील सातबहिणी डोंगरांच्या कुशीतला विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते.

तलावाची रचना वरवर पाहता साधी असते. उताराच्या खालच्या बाजूला मातीची पाळ, पाणी बाहेर सोडण्यासाठी तुडूम, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा आणि वरच्या बाजूने पाणी आत आणणारा येवा. शेतातील लहान तळ्याला बोडी म्हणतात. अनेक ठिकाणी तलाव एकाखाली एक असे साखळीत आहेत. वरच्याचा सांडवा खालच्याच्या येव्याला मिळतो आणि पाण्यासोबत आलेला जाड गाळ वरच्या तलावातच बसतो. खालच्या तलावाला त्यामुळे बऱ्याच अंशी निवळलेले पाणी मिळते. जलशुद्धीकरण केंद्रात ज्याला निवळण टाकी म्हणतात, तिचे काम येथे वरचा तलावच करतो.

येव्यावर जंगल किंवा गवत असेल, तर पावसाचे पाणी संथपणे व कमी माती घेऊन येते. नागझिरा परिसरात वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत कोसळतो. उघड्या जमिनीवरून असे पाणी वाहिले तर तलाव दरवर्षी थोडाथोडा भरत जातो. पाण्याची निर्मळता तलावात नव्हे, तर त्याच्या वरच्या रानात ठरते, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

पाणी निवळ कोण ठेवते

उथळ तलावाचे पाणी दोन अवस्थांपैकी एकीत स्थिरावते, असे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत युरोपातील तलावांच्या अभ्यासातून पुढे आले. एका अवस्थेत तळाशी रुजलेल्या वनस्पतींचे राज्य असते व पाणी निवळ असते. दुसरीत सूक्ष्म शेवाळाचे राज्य असते व पाणी हिरवट किंवा गढूळ असते. मधली अवस्था फार काळ टिकत नाही. निवळ तलाव बराच ताण सहन करतो. पण मर्यादा ओलांडली की तो अल्पावधीत हिरवा होतो आणि ताण दूर केला तरी आपोआप पूर्वस्थितीवर येत नाही. ‘काल-परवापर्यंत तलाव चांगला होता’ असे गावकरी म्हणतात, तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीचा दोष नसतो. बदल खरोखरच तसा अचानक झालेला असतो.

पाण्याखालील वनस्पती ही निर्मळता अनेक वाटांनी राखतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया व सिरॅटोफिलम या येथील तलावांत सहज वाढणाऱ्या वनस्पती आहेत. पहिल्या दोहोंची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात, त्यामुळे वाऱ्याच्या लाटांनी तो वर उसळत नाही. सिरॅटोफिलमला खरी मुळे नसतात. ती पाण्यातील पोषकद्रव्ये थेट आपल्या अंगात घेते. वनस्पतींच्या गर्दीत पाण्याचा वेग मंदावतो व तरंगणारे कण खाली बसतात. पाणपिसवांसारखे सूक्ष्म प्राणी दिवसा माशांपासून बचावासाठी या झुडपांत दडतात आणि शेवाळाचे कण गाळून खातात. वनस्पती काढून टाकल्या की पाणपिसवांचा आसरा जातो, मासे त्यांना संपवितात आणि शेवाळाला खाणारा उरत नाही. गोगलगायी पानांवर साचणारा शेवाळाचा थर खरवडतात, तर शिंपले पाणी गाळून आपले अन्न मिळवितात.

काठाकडे उथळ पाण्यात देवधान, कमळ, शिंगाडा आणि लव्हाळ्याच्या जाती असतात. देवधान हा भाताचा रानटी भाऊ. त्याचे दाट पट्टे येव्याकडून येणारी माती अडवितात आणि पाणपक्ष्यांना घरट्यांसाठी जागा देतात. कमळ व शिंगाडा यांची पाने पाण्यावर सावली धरतात, त्यामुळे शेवाळाला मिळणारा प्रकाश कमी होतो. मात्र सावलीने सारे पृष्ठ झाकले गेले, तर पाण्याखालील वनस्पतीच गुदमरतात. शिंगाड्याची शेती करणारे वेल विरळ ठेवतात. त्यात तलावाचेही हित साधते.

पाणी कशामुळे बिघडते

शेवाळाची वाढ मुख्यतः स्फुरद व नत्र यांवर अवलंबून असते. शेवाळाच्या कोरड्या वजनात स्फुरदाचे प्रमाण जेमतेम एक टक्का असते. म्हणजे पाण्यात आलेला एक किलो स्फुरद सुमारे शंभर किलो कोरडे शेवाळ पोसू शकतो. भातशेतीतील रासायनिक खते, गुरांचे शेण, गावचे सांडपाणी आणि कपडे धुण्याची भुकटी यांतून ही द्रव्ये येतात. दिवसा दाट शेवाळ प्राणवायू निर्माण करते, पण रात्री तेच तो वापरते. त्यामुळे पहाटे प्राणवायू अत्यंत कमी होऊन मासे मरतात. अशा मासेमरीनंतर ‘कोणीतरी विष टाकले’ हा संशय प्रथम घेतला जातो, आणि कधीकधी तो खराही असतो. पण पहाटेची वेळ, हिरवे पाणी व पृष्ठावर तोंड उघडून तरंगणारे मासे ही लक्षणे एकत्र असल्यास आधी प्राणवायूची चौकशी करावी.

दुसरे कारण माशांच्या निवडीत आहे. मूळचे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली येथील तलावांत सोडणे ही आता रूढ पद्धत आहे. त्यांच्या जोडीला गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही सोडले गेले. गवत्या नावाप्रमाणेच पाणवनस्पती खातो, आणि अनुकूल तापमानात एका दिवसात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी हिरवळ फस्त करू शकतो. सायप्रिनस अन्नाच्या शोधात तळाचा गाळ उकरतो. त्यामुळे रोपे उपटली जातात व पाणी कायम ढवळलेले राहते. गवत्याने तलावातील ‘घाण’ साफ होईल, ही समजूत त्याच्या प्रसाराला कारणीभूत झाली. घाण कशाला म्हणावे, याचाच येथे घोटाळा झाला. ज्या वनस्पती काढण्यासाठी मासा सोडला, त्याच पाणी निवळ ठेवीत होत्या. मरळ, वाम, मागूर, शिंगी यांसारख्या स्थानिक माशांना लपण्यासाठी व अंडी घालण्यासाठी हाच पाला लागतो. त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणाऱ्या ढीवर समाजाचे नुकसान त्यामुळे दुहेरी झाले.

तिसरे कारण बाहेरून आलेल्या वनस्पतींचे. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पृष्ठ झाकते, तर त्याच खंडातील बेशरम पाळीवर व उथळ पाण्यात दाट रान माजविते. कापलेल्या तुकड्यातूनही पुन्हा फुटत असल्याने बेशरमाने आपले नाव कमावलेलेच आहे. तिची पाने गुरे सहसा खात नाहीत आणि कुंपणासाठी ती लावली गेल्याने तिचा प्रसार माणसानेच केला.

या सर्वांच्या मागे व्यवस्थेतील बदलही आहे. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. पुढे लहान तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदांकडे गेली. मालगुजारीच्या काळात पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे व पाणी वाटणे ही कामे गावातच होत. त्या काळाचे गुणगान करताना हे श्रम पुष्कळदा वेठीचे असत, हे विसरता कामा नये. परंतु वेठ गेली तशी तिच्या जागी स्वेच्छेची, हक्काची व्यवस्था उभी राहिली नाही. सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे आणि येव्यावरील जंगल तिसऱ्याकडे अशी विभागणी झाली. पाणी निवळ राहणे हे काम यांपैकी कोणाच्याच यादीत नव्हते.

पुनरुज्जीवन

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजातील स्त्रीपुरुषांना सोबत घेऊन अर्जुनी-मोरगाव तालुक्याच्या परिसरातील तलावांत पुनरुज्जीवनाचे काम केले आहे. या कामाची दिशा प्रचलित ‘तलाव सफाई’हून निराळी आहे. बेशरम मुळासकट काढणे, तळाची जमीन हलकीशी नांगरून मऊ करणे, दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणलेली देशी पाणवनस्पतींची रोपे व कंद लावणे आणि ती रुजेपर्यंत पाला खाणारे मासे न सोडणे, असा त्याचा क्रम आहे. कोणती वनस्पती किती खोलीवर जगते आणि कोणता मासा कोणत्या पाल्यात अंडी घालतो, हे ज्ञान ढीवरांकडे होतेच. पुस्तकातून ते आणावे लागले नाही.

गाळ काढण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली जलाशयांतील गाळ शेतात नेला जातो. सुपीक गाळ शेतकऱ्याला उपयोगी पडतो आणि तलावातील साठलेला स्फुरदही त्याबरोबर बाहेर जातो, म्हणून हे काम मुळात हितकारक आहे. पण यंत्राने सरसकट खोल खणले तर वनस्पतींचे बी व कंद असलेला थर नाहीसा होतो, पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर फुटू शकतो आणि उथळ काठ कड्यासारखे उभे होतात. उभ्या काठावर देवधान रुजत नाही. गाळ टप्प्याटप्प्याने, तलावाचा काही भाग न छेडता आणि काठांना उतार ठेवून काढला, तर दोन्ही गोष्टी साधतात. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या पात्रात गाळपेर करताना रासायनिक खत टाकू नये, हाही त्याच हिशेबाचा भाग होय. ते खत पहिल्या पावसाबरोबर थेट तलावात विरघळते.

पाणी सुधारले की नाही, हे पाहण्याचे साधन अत्यंत स्वस्त आहे. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरात आणलेल्या पद्धतीत एक गोल तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजतात. तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची तबकडी वापरतात. दर महिन्याला त्याच जागी, दुपारच्या सुमारास ही नोंद घेतली तर दोनतीन वर्षांत तलावाचा कल स्पष्ट होतो. शाळेतील विद्यार्थ्यांना ही तबकडी पत्र्याच्या झाकणापासून तयार करता येते. मोजणी पाळीच्या कडेवरून एकट्याने करू नये.

अभयारण्यातील तलाव

नागझिऱ्याच्या मध्यभागी वनविभागाच्या विश्रामगृहांसमोर असलेला तलाव हे या परिसराचे सर्वांत परिचित दृश्य आहे. ‘झिरा’ या शब्दाचा अर्थच जमिनीतून पाझरणारे पाणी असा आहे. भोवती जंगल असल्याने येथील येव्यावर नांगर, खत व सांडपाणी नाही. चितळ, गवे, अस्वले व बिबळे अशाच पाणवठ्यांवर येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३२ नुसार वन्यजीवांना अपाय होऊ शकेल अशी रसायने अभयारण्यात वापरण्यास बंदी आहे. त्यामुळे येथील पाणी औषधाने ‘साफ’ करण्याचा मार्ग कायद्यानेही बंद आहे. पाणवठ्याला थोडे शेवाळ असणे, काठावर खुरांनी चिखल होणे हे तेथे बिघाडाचे लक्षण नव्हे. उन्हाळ्यात टँकरने भरल्या जाणाऱ्या सिमेंटच्या बशीसारख्या कृत्रिम पाणवठ्यांची गोष्ट निराळी. त्यांत वनस्पती नसतात व पाणी थोडे असते, म्हणून ते उपसून, घासून व पुन्हा भरूनच स्वच्छ ठेवावे लागतात.

पोहण्याच्या हौदाशी तुलना

घरचा किंवा विश्रामधामातील पोहण्याचा हौद म्हणजे अशा सिमेंटच्या पाणवठ्याचे मोठे रूप आहे. त्यात मुळे, पाणपिसवा व शिंपले यांपैकी काहीही नसते, म्हणून त्यांची कामे यंत्राने व रसायनाने करावी लागतात. तलावात जिवंत सृष्टीचा तोल राखायचा असतो, हौदात मात्र सजीवाला थाराच द्यायचा नसतो.

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटर खोल हौदात ४०,००० लिटर पाणी असते. ते आठ तासांत एकदा गाळणीतून फिरवायचे तर पंपाने ताशी ५,००० लिटर पाणी खेचले पाहिजे. वाळूच्या गाळणीवरील दाब वाढला की पाणी उलट दिशेने सोडून ती धुवावी लागते. पाण्यात मोकळ्या क्लोरिनचे प्रमाण लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ ठेवतात. वरील हौदात क्लोरिन लिटरमागे २ मिलिग्रॅमने वाढवायचे असल्यास ८० ग्रॅम क्लोरिन लागते. ३० टक्के प्रभावी क्लोरिन असलेली विरंजक भुकटी घेतल्यास सुमारे २७० ग्रॅम. सामूकडे दुर्लक्ष झाले तर हे सारे व्यर्थ जाते. सामू ७.५ असताना मोकळ्या क्लोरिनचा सुमारे अर्धा भाग जंतू मारणाऱ्या प्रभावी रूपात असतो. तो ८ झाला की जेमतेम एक चतुर्थांश उरतो. विदर्भाच्या उन्हात क्लोरिन झपाट्याने नाहीसे होते, त्यामुळे ते संध्याकाळी टाकणे व दिवसा हौद झाकून ठेवणे किफायतशीर पडते. हौदाला येणारा उग्र ‘क्लोरिनचा वास’ हा बहुधा क्लोरिन जास्त झाल्याचा नसून, घाम व लघवीतील द्रव्यांशी त्याचा संयोग झाल्याचा असतो. पोहण्यापूर्वी साबणाने अंघोळ केल्यास तो पुष्कळ कमी होतो. क्लोरिनचे औषध व आम्ल कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. तसेच औषधात पाणी न ओतता औषध पाण्यात घालावे.

या दोन टोकांच्या मधला एक मार्ग १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात विकसित झाला. त्यात हौदाचा साधारण अर्धा भाग पोहण्यासाठी आणि उरलेला पाणवनस्पतींसाठी राखून, पाणी त्या मुळांमधून फिरविले जाते. तेथे क्लोरिन वापरीत नाहीत.

जंगलालगतच्या हौदांबाबत एक काळजी अधिक घ्यावी लागते. गाळणी धुतलेले किंवा हौद रिकामा करताना सोडलेले क्लोरिनयुक्त पाणी नाल्यात गेले, तर ते येव्यातून खालच्या तलावात पोहोचते आणि अगदी अल्प प्रमाणातही मासे व पाणपिसवा मारते. औषध बंद करून असे पाणी काही दिवस उन्हात उघडे ठेवावे, चाचणी-संचाने क्लोरिन उरले नसल्याची खात्री करावी आणि मग ते नाल्यापासून दूर, झाडे असलेल्या जमिनीवर सावकाश मुरू द्यावे.